शेवटच्या अंकातील मरतुक

"नोको जाऊ रे बाबू, माय एकटी हाये."

हा आवाज खेमराज कापगते यांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांच्या ओठावर नुकती मिसरूड फुटली होती आणि प्रयोगापुरती ती काजळाने जाड करावी लागत होती. दिवाळीनंतरच्या गावजत्रेची, मंडईची रात्र होती. लोक धानाच्या तणसावर चटया टाकून बसले होते आणि कापणी झालेल्या बांध्यांवरून गार वारा येत होता. रंगमंचावर लेक सरहद्दीवर निघाला होता, मायच्या पाया पडायला वाकला होता, आणि अंधारातून, बायकांच्या बाजूने, कोणी एक म्हातारी नाटक विसरून बोलून गेली होती. पेटी थांबली. माय झालेली नटी स्वतःचा संवाद विसरली. नंतर पुढची पुष्कळ वर्षे दर हंगामात, दर गावात, कोणती ना कोणती माय तसे बोलायचीच. धान पाण्यावर जगतो तसे खेमराजजी त्या एका वाक्यावर जगत आले होते.

अर्जुनी मोरगावच्या नवजागृती नाट्य मंडळाचे 'लेक निघाला सरहद्दीवर' हे नाटक तेव्हापासून अखंड चालू आहे. नायक अविनाश याचे वय संहितेत वीस असे नमूद आहे. संहितेत कोणताही बदल झालेला नसल्यामुळे अविनाश वीसच वर्षांचा राहिला. खेमराजजींच्या बाबतीत अशी तरतूद कोठेही नव्हती. परंतु मंडळाचे मालक, दिग्दर्शक आणि अविनाश ही तिन्ही पदे त्यांच्याकडेच असल्यामुळे अविनाशच्या निवृत्तीचा प्रस्ताव कोणी, कोणापुढे मांडावा, ही एक तांत्रिक अडचण होती. मधल्या काळात तीन माया थकून घरी बसल्या. चौथी माय म्हणून त्यांच्या पत्नी शांतीबाई उभ्या राहिल्या. त्या अविनाशपेक्षा नऊ वर्षांनी लहान होत्या. पांढरा विग घातला की हा फरक भरून निघतो, असे दिग्दर्शकांचे मत होते.

अडचण आली ती ज्या वर्षी प्रत्येक पानटपरीवर फोर-जीचे फलक लागले आणि फोर-जी तेवढा यायचा राहिला, त्याच्या आगेमागे. लोक शेवटच्या अंकाआधी उठून जाऊ लागले. शिट्ट्या नाहीत, ओरडा नाही. चटई गुंडाळायची, पोराला खांद्यावर टाकायचे आणि मान खाली घालून निघायचे, मयतीच्या घरातून उठावे तसे. लेक सरहद्दीवर निघायचा तेव्हा त्याला निरोप द्यायला मांडवात शेंगदाणेवाला आणि ध्वनिक्षेपकवाला एवढेच उरत. पैकी ध्वनिक्षेपकवाल्याला जाता येत नव्हते.

खेमराजजींनी मंडळाच्या कचेरीत बैठक बोलावली. विषय एकच होता: लोक काऊन उठून जाऊन राहिले?

"थंडी वाढली जी," पेटीवाले उदाराम म्हणाले.

"मोबाइल," खलनायक चुन्नीलाल म्हणाला. "घरी बसल्या बसल्या दिसते लोकायले सारं."

"तणस ओलं राहते," असेही कोणी म्हणाले.

खेमराजजी प्रत्येकाकडे पाहायचे, आणि तो प्रत्येक जण त्यांच्या गुडघ्यांकडे पाहून पटकन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायचा. शेवटी त्यांनी बायकोला विचारले, "तुले काय वाटते?"

शांतीबाईंच्या तोंडापर्यंत काहीतरी आले. त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळले आणि म्हणाल्या, "चिवडा घ्या ना सारे जण."

हे असे चालणार नाही, माणसे खरे सांगत नाहीत, या निष्कर्षाप्रत खेमराजजी आले. तो बरोबरच होता. त्यावर त्यांनी काढलेला उपाय मात्र गोंदियाहून स्कूटीवर आला. रिंकी मॅडम 'अभ्रदृष्टी' नावाच्या संगणकप्रणालीच्या जिल्हा प्रतिनिधी होत्या. त्यांनी कचेरीतल्या टेबलावर लॅपटॉप उघडला, स्क्रीनवर लाल-हिरवे गोल आणि चढते-उतरते खांब दाखवले आणि म्हणाल्या, "सर, आदमी झूठ बोलता है, डेटा झूठ नहीं बोलता."

हे वाक्य खेमराजजींच्या काळजाला भिडले. डेटा खोटे बोलत नाही, पण तो मुळात बोलतच नाही, हे कळायला वर्गणी भरावी लागली.

प्रणाली ढगात होती, म्हणजे कुठेही नव्हती, म्हणजे तिच्यापर्यंत पोचायला नेट लागत होते, आणि नेट कचेरीत नव्हते. ते गावाबाहेर तलावाच्या पाळीवर, एका मोहाच्या झाडाखाली यायचे. नवजागृती नाट्य मंडळाचे विश्लेषण केंद्र तेथे स्थापन झाले. उदाराम सतरंजी टाकत, चुन्नीलाल लॅपटॉपवर छत्री धरी, आणि खेमराजजी मांडी घालून 'प्रवेश' या बटणाला बोट लावत. मग एक पांढरे चक्र यायचे आणि फिरू लागायचे. त्याखाली लिहिलेले असे: 'कृपया थांबा. आम्ही आपल्या यशाची तयारी करत आहोत.'

तयारी मोठी असावी. कधी म्हशी तलावात उतरून, डुंबून, वर येऊन घरी जायच्या, तरी यश तयार नसायचे. उदारामांनी तर बसल्या बसल्या दोन ओळी रचल्या:

गोल गोल फिरे, तोंड ना खोले,
ढगातला पाव्हणा काई ना बोले.

"चाल चांगली हाये," खेमराजजी म्हणाले, "पण श्रद्धा ठेवा."

दार उघडले तेव्हा आत पहिला प्रश्न देशाचा होता. अफगाणिस्तानापासून बोट सरकवत भारतापर्यंत यावे लागे, आणि भारत येईतो चक्र पुन्हा फिरू लागे. दुसरा प्रश्न व्यवसायाचा. यादीत सिमेंट होते, शीतगृह होते, दंतचिकित्सा होती. नाटक नव्हते. 'इतर' हा पर्याय होता, परंतु तो फक्त वरच्या दर्जाच्या ग्राहकांसाठी खुला होता.

खेमराजजींनी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आपले तिकीट नोंदवले गेले आहे." आयुष्यभर लोकांना तिकिटे फाडून देणाऱ्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदाच तिकीट दिले, आणि खेळ काही सुरू होईना.

"सर, टेन्शन मत लीजिए," रिंकी मॅडम फोनवर म्हणाल्या. "नजदीक का कुछ भी डाल दीजिए. सिस्टम सीख लेती है."

मंडळाने जवळचे काय ते शोधले. उदाराम म्हणाले, "आपल्या धंद्यात लोक रातभर लाइटीखाली बसतेत, मधामधात त्यायले खायाले लागते, आन् गोंगाट झाला का बिचकतेत. असं दुसरं काय हाये?" सगळ्यांनी यादी वरून खाली पाहिली. 'कुक्कुटपालन' या व्यवसायावर एकमत झाले.

तेथून पुढे काम सोपे झाले. प्रेक्षक हे पक्षी. बायकांची बाजू हे पहिले खुराडे, पुरुषांची बाजू हे दुसरे. गाणी, नाच आणि चुन्नीलालचे गडगडाटी हसू हे खाद्य. प्रेक्षकांच्या डोळ्यांतले पाणी हे अंडी या रकान्यात. आणि शेवटच्या अंकाआधी जे उठून जातात त्यांच्यासाठी प्रणालीत एकच शब्द होता: मरतुक. दर प्रयोगाला उदाराम पेटी वाजवता वाजवता मान उंच करून बायकांच्या खुराड्यातली अंडी टिपू लागले. यात त्यांचे सूर चुकायचे. पण ती नोंद करायला रकाना नव्हता.

मंडईचा हंगाम सरत आला तेव्हा पाळीवरच्या मोहाखाली पहिला अहवाल उघडला. स्क्रीनवर एक मोठे लाल वर्तुळ होते. 'अंतिम टप्प्यात मरतुक चिंताजनक.' एवढे तर ध्वनिक्षेपकवाल्यालाही माहीत होते. त्याखाली शिफारस होती. खेमराजजींनी ती मोठ्याने वाचली:

"वय झालेले पक्षी थव्यातून तात्काळ वेगळे करावेत. त्यांच्यामुळे उरलेल्या थव्यावर विपरीत परिणाम होत आहे."

चुन्नीलालच्या हातातली छत्री कलली. उदारामांनी हात जोडून ढगांकडे पाहिले. शांतीबाईंनी पदर तोंडाला लावला. इतकी वर्षे जे कोणाला जमले नाही ते एका यंत्राने, कोंबड्यांच्या निमित्ताने का होईना, बोलून टाकले होते.

खेमराजजींनी शिफारस पुन्हा वाचली, मनातल्या मनात. मग डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेऊन म्हणाले, "मले बी हेच वाटत होतं."

सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"चुन्नीलाल," ते म्हणाले, "तू थांब आता."

चुन्नीलालला कळायला जरा वेळ लागला. "खेम्या, आपण एकाच बाकावर बसत होतो शाळेत."

"म्हणूनच त तुझं दुःख मले समजते."

"मी तुझ्याहून लहान आहो."

"वय सालात नाही मोजत, चुन्नी. चेहऱ्यावर मोजतेत."

चुन्नीलालने त्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. केसांच्या काळ्या कलपाखालून कपाळावर एक ओघळ उतरला होता. चुन्नीलाल काही बोलणार, इतक्यात शांतीबाईंनी मान किंचित हलवली, नाही अशी. चुन्नीलालने छत्री मिटली, खलनायकाचा हंटर पिशवीतून काढून सतरंजीवर ठेवला आणि पाळीवरून चालत निघून गेला. दूरवर जाऊन तो एकदा हसला. ते गडगडाटी हसू होते, पण त्यात गडगडाट नव्हता.

शिफारशीची अंमलबजावणी प्रेक्षकांतही झाली. मांडवात एक दोरी बांधण्यात आली आणि जाहीर करण्यात आले की चाळिशीपुढील महिलांनी दोरीपलीकडे बसण्याची कृपा करावी. दोरीपलीकडे एकही महिला गेली नाही. तेव्हा मंडळाच्या स्वयंसेवकांनी स्वतःच्या अंदाजाने वर्गवारी केली. त्यातून तीन गावांत भांडणे झाली आणि एका स्वयंसेवकाला मामीने घरातून काढले. ज्या म्हाताऱ्या रडत होत्या त्या रागावून घरी गेल्या, आणि त्यांना न्यायला-आणायला आलेली पोरे-सुना त्यांच्याबरोबर गेली. मरतुक आता दुसऱ्या अंकातच होऊ लागली.

"सर, वो पुराना डेटा था," रिंकी मॅडम म्हणाल्या. "आपको रिअल टाइम लेना पडेगा. नाटक चालू असतानाच सिस्टम सांगेल, पुढे काय करायचं."

हे खेमराजजींना पटले, कारण आता पटण्याखेरीज काही उरले नव्हते. पुढच्या हंगामासाठी त्यांनी शेवटच्या अंकाचे दोन प्रकार बसवले. एकात लेक सरहद्दीवर जातो, दुसऱ्यात राहतो. कोणता करायचा ते आयत्या वेळी अभ्रदृष्टी ठरवणार होती.

पहिला प्रयोग सालेकसाकडच्या पळसटोल्याला होता. आयोजक मंडळाचे अध्यक्ष रामलाल यांनी नेटसाठी डोंगल बांबूला बांधून मांडवावर उंच चढवले आणि त्याला आंब्याचा डहाळाही लावला. दुसरा अंक संपला. पडदा पडला. लोक सवयीने उठले, चटया गुंडाळू लागले. पडद्यामागे खेमराजजींनी बटण दाबले. लॅपटॉपला सरहद्दीचा देखावा दाखवणाऱ्या प्रोजेक्टरची वायर लागलेली होती, ती काढायची राहून गेली होती. त्यामुळे बर्फाच्या डोंगरांऐवजी पडद्यावर दहा हात उंचीचे एक पांढरे चक्र उगवले आणि फिरू लागले.

जाणारे लोक थांबले.

"हे काय होय?" कोणीतरी विचारले.

"आता काहीतरी येते," दुसऱ्याने सांगितले.

चटया पुन्हा उलगडल्या. चक्र फिरत होते. पळसटोल्याने श्वास रोखला होता. एकदा ते अडकले तेव्हा बायकांच्या बाजूने "अगं बाई" असा उसासा उठला. पुन्हा फिरले तेव्हा टाळ्या पडल्या. पुढे बसलेल्या एका आजीने हात जोडले. घरी गेलेल्यांना फोन करून बोलावण्यात आले. 'कृपया थांबा' ही अक्षरे आली तेव्हा वन्स मोर मिळाला. शेंगदाणेवाल्याचा सगळा माल संपला.

पडद्यामागे वीस वर्षांचा अविनाश, पाठीवर पिशवी अडकवून, कोणत्या अंकात शिरायचे याची वाट पाहत उभा होता. उजाडले तरी चक्र थांबले नाही. मांडवातून एक माणूस हलला नव्हता. मरतुक शून्य.

"शांते," तो भारावून म्हणाला, "पाहा. कोणी गेलं नाही."

"हो," शांतीबाई म्हणाल्या. "पण तुमी कुठी दिसले त्यायले?"

हा प्रश्न खेमराजजींनी ऐकला नाही, किंवा रिअल टाइममध्ये ऐकला नाही.

बातमी पसरली. गावोगावचे आयोजक कचेरीत येऊ लागले. बोलणी सुरुवातीला सभ्य होती, "नाटक आणा, आन् ते गोल बी आणा." पुढे ती मुद्द्यावर आली, "नाटक नाही आणलं तरी चालन." मंडळाने पहिला अंक गाळला, मग दुसरा. हिरोइनला घरी पाठवले. उदाराम तेवढे राहिले, कारण चक्र फिरताना मागे पेटीवर एक सूर धरून ठेवला तर लोकांना बरे वाटे. खेमराजजी मात्र रोज रंगायचे. कलप, लाली, कमरेला पोट आवळणारा पट्टा, पाठीवर पिशवी. दर प्रयोगाला ते विंगेत उभे राहायचे, आणि दर प्रयोगाला सकाळ व्हायची. त्यांचा अंक आता जवळ आला होता. तो फक्त येत नव्हता.

हंगामाची सांगता पुन्हा पळसटोल्याला ठेवली होती. चार गावांचे लोक जमले होते. रामलाल यांनी लॅपटॉपला हार घातला. पूर्वेला तांबडे फुटायच्या सुमारास, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, चक्र थांबले. मांडवभर शहारा गेला. पडद्यावर हिरवी चौकट उमटली:

'आपला अहवाल तयार आहे. प्रेक्षक का जातात, याचे कारण पाहण्यासाठी खातेदाराची जन्मतारीख भरा.'

खेमराजजी विंगेतून बाहेर आले. बऱ्याच महिन्यांत लोकांनी अविनाशला पाहिले नव्हते. त्यांनी लॅपटॉपशी वाकून एक तारीख भरली. आकडे पडद्यावर हातभर उंच उमटले. त्या तारखेप्रमाणे अविनाश पस्तीस वर्षांचा होता.

'तारीख जुळत नाही.' खाते उघडताना रिंकी मॅडमनी ओळखपत्र पाहून खरी तारीख भरली होती, हे त्यांना ठाऊक नव्हते.

त्यांनी आणखी एक तारीख भरली. आता अविनाश पंचेचाळिशीत गेला. 'तारीख जुळत नाही. एकच संधी शिल्लक आहे. त्यानंतर खाते कायमचे बंद होईल.'

खेमराजजींनी बोट बटणावर नेले आणि मागे घेतले. लोक का जातात ते कारण तेथेच होते, त्या चौकटीच्या मागे, बोटभर अंतरावर.

"भाऊ," रामलाल हळूच म्हणाले, "जरासं मागचं साल टाकून पाहा ना."

"किती मागचं?" खेमराजजींनी विचारले. त्यांनी लोकांकडे पाहिले. लोकांनी मान खाली घातली, चटया चाचपल्या, एकेक जण उठायला लागला. तसाच, मयतीच्या घरातून उठावे तसा.

शांतीबाई विंगेतून पुढे आल्या. त्यांनी डोक्यावरचा पांढरा विग काढून पेटीवर ठेवला. उदारामांचा सूर थांबला. खाली त्यांचे केस अजून काळेच होते. त्यांनी माईक हातात घेतला.

"अजी, सत्तावनचं साल टाका. साठी आली तुमाले. शेवटच्या अंकात तुमी वाकता तवा गुडघे वाजतेत, आन् ते माईकमधून पार शेंगदाण्याच्या गाडीपर्यंत आयकू येते. मंग मले तुमचा हात धरून तुमाले उठवा लागते. आन् तुमी म्हणता, माय, मी आता जवान झालो." त्यांनी मांडवाकडे तोंड केले. "हे लोक वाईट नोहोत. यायले हसू येते. तुमच्या तोंडावर हसू नोये म्हणून उठून जातेत बिचारे. मले बी माहीत होतं, यायले बी माहीत होतं, चुन्नीभाऊले त होतंच. एकानं बी सांगितलं नाही. यंत्र सांगन म्हणून रातरातभर बसले सारे."

अर्धी उठलेली माणसे तशीच वाकून उभी होती.

"आन् आता कुठी निघाले तुमी?" शांतीबाई म्हणाल्या. "खाली बसा. हासाचं हाये त हासा, बाप्पा, पण त्याईच्यासमोर बसून हासा."